खण क्रमांक सतरा

आता ते काचेत आहे.
खाली पांढरं कार्ड: चौंडकं. लाकूड, कातडं, तात.
आराधी लोकांचं वाद्य. तालुका उदगीर.
संग्राहक: वीरभद्रअप्पा हलबुर्गे.
वाजवणाऱ्याच्या नावापुढे
एक आडवी रेघ.

मामंजी गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक.
एकतीस वर्षं बैलांची खांदसूज, म्हशींची अडलेली रेडकं,
पैसे कुणाकडून घेतले नाहीत.
निघताना फक्त विचारायचे,
माळ्यावर जुनं काही आहे का, वाजणारं?
संध्याकाळी सायकलला बांधून यायचं मग काहीतरी,
बिनतारेचं तुणतुणं, एका कानाचा संबळ,
आणि तो तोंड फुटलेला नगारा,
ज्यात माझ्या बाळंतपणाच्या आठवड्यात
मांजरीनंही आपलं उरकून घेतलं.

कातड्यावरून अंगठा फिरवून सांगायचे:
शेळी. दोनदा व्यालेली. पोटाकडची बाजू.
सासूबाई हे ऐकून चुलीत जोरानं फुंकायच्या.

दोन खोल्या, दोनशे सात वाद्यं.
ज्वारीची पोती ओसरीवर भिजली, कारण आत ढोल होते.
एकदाच बोलले मी,
यातलं एक तरी वाजतं का?
ते ताटावरून उठले नाहीत, पण भाकरीही मोडली नाही पुढे.

खरं तर वाजायची. आपली आपण.
वैशाखात रात्री कातडी आखडायची,
कुठल्यातरी कोपऱ्यात तात तुटायची, टण्ण,
आणि पोरगं दचकून उठून बसायचं.
काय पडलं?
काही नाही. झोप.
श्रावणात सगळी ढिली पडायची,
घरभर ओल्या कुत्र्याचा वास.

ते गेल्यावर सरकारी माणसं आली, यादी मागितली.
मी वही काढली. लसीकरणाचीच वही,
मागच्या पानांवर वाद्यं.

१४ फेब्रुवारी ८४. हरणाबाई, वय सांगता येईना.
गाय तपासली. चौंडकं दिलं. पैसे नको म्हणाली.
म्हणाली, थांब जरा, एकदा वाजवते, मग ने.
मी म्हणालो, गाडी निघूलालीय.

खाली दुसऱ्या शाईत: मार्च. गेलो होतो. कुलूप.
त्याखाली: मे. शेजारी सांगतात, लेकीकडं, बिदरला.
मग बरीच वर्षं काही नाही.
मग निवृत्तीनंतरच्या हलत्या अक्षरात:
बिदर. तीन गल्ल्या. सापडली नाही.
बिदर. पुन्हा.

डोळे दाखवायला जातो म्हणायचे आम्हाला.
दोन्ही वेळेस चष्म्याशिवाय परत आले,
आणि मी म्हटलं होतं, एवढं भाडं घालून?

साहेबांना मी म्हणाले, कार्डावर नाव लिहा, हरणाबाई.
ते म्हणाले, आडनाव? गाव?
मी वही दिली. त्यांनी ती आदरानं घेतली
आणि चौंडक्याशेजारी काचेतच ठेवली,
उघडी, जिथं अक्षर सगळ्यात सुंदर आहे त्या पानावर:
फऱ्या रोगाची लस, जनावरं चाळीस.

पण हे सगळं नंतरचं.

ट्रक यायच्या आदल्या रात्री
सगळी वाद्यं जुन्या लुगड्यांत बांधून झाली होती.
हे एक मी परत सोडलं.
बगलेत धरलं, खुंटी डाव्या मुठीत,
मारायला तुटक्या फणीचा तुकडा.
पहिल्यांदा नुसतीच खर्र झाली.
खुंटी ओढली. बगलेत काहीतरी फुगल्यासारखं झालं
आणि एक आवाज निघाला,
बेढब, वर चढता चढता मधेच घसरलेला,
दावं ओढणाऱ्या वासरासारखा.
हरणाबाईचा हा नक्कीच नव्हे.
तरी मी आणखी एकदा मारलं.

आतल्या खोलीतून मुलगा म्हणाला,
त्याचे आता केस पिकलेत,
काय पडलं?